सॉफ्टशेल पँट, इरलं आणि उघडे पाय: घाटातल्या पावसात काय घालायचं?

दरवर्षी जून लागला की ट्रेकला जाणाऱ्या मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: माहुलीला किंवा नाणेघाटाला जायचंय, पँट कोणती घेऊ? गेल्या काही वर्षांत या प्रश्नात एक नवा शब्द शिरला आहे, सॉफ्टशेल. दुकानदार सांगतो, ‘ही बर्फात वापरतात, मग आपल्या पावसाचं काय घेऊन बसलात!’ किंमत काही हजारांत. फेलोशिपची वाट बघत बसलेल्या माणसासाठी हा निर्णय लहान नसतो.

आज आपण या प्रश्नाकडे खरेदीचा प्रश्न म्हणून न बघता संशोधनाचा प्रश्न म्हणून बघू. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कुणी संशोधन आराखडा लिहायला बसलंय. ‘विषय सापडत नाही’ ही तक्रार मी सतत ऐकतो. विषय बहुतेक वेळा समोरच असतो, फक्त त्याला प्रश्नाचं रूप दिलेलं नसतं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली माणसं शेकडो वर्षं भर पावसात डोंगर चढत-उतरत आली, गुडघाभर चिखलात दिवस दिवस उभी राहिली. त्यांनी अंगावर आणि पायांवर काय घातलं, आणि तेच का घातलं? हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कपडा किती पाणी अडवतो हे विचारण्याआधी, तो घालून शरीर काय काम करणार आहे हे विचारायला हवं. एवढा एक क्रम बदलला की सॉफ्टशेल पँटचाही अर्थ लागतो आणि आपल्या इरल्याचाही.

सॉफ्टशेल मुळात कुणासाठी?

ही पँट ज्या खेळासाठी लोकप्रिय झाली त्यांतला एक म्हणजे स्की टूरिंग. रोपवे किंवा लिफ्ट न घेता स्वतःच्या पायांनी बर्फाचा डोंगर चढायचा आणि मग स्कीवरून घसरत खाली यायचं. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, म्हणून तिला आजही ‘स्किन’च म्हणतात. आता ती मोहेरची किंवा नायलॉनची असते.

आता या माणसाच्या पायांचा विचार करा. चढण काही तासांची, उतरण त्या मानाने अगदी थोडी. चढताना मांड्यांचे मोठे स्नायू सतत काम करतात आणि घाम येतो. माथ्यावर पोचल्यावर वारा लागतो. उतरताना वेगामुळे तोच वारा आणखी बोचतो. म्हणजे पँटकडून तीन अपेक्षा: घामाची वाफ बाहेर जाऊ दे, वारा आत येऊ देऊ नकोस, आणि गुडघा वाकताना अडू नकोस. पाणी अडवणं ही चौथी अपेक्षा, आणि तीही मर्यादित, कारण कडक थंडीतला बर्फ कोरडा असतो. झटकला की पडतो.

ही चार कामं एकाच कापडाकडून करून घ्यायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन वॉटरप्रूफ कापडाचं पेटंट घेतलं. पाणी अडलं, पण घामही अडला. १८८८ मध्ये थॉमस बर्बेरीने गॅबर्डिनचं पेटंट घेतलं. हे दाट विणीचं कापड. वारा अडवणारं, थोडाफार पाऊस झेलणारं, आणि तरीही वाफ जाऊ देणारं. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीच्या अंगात याच जातीचं कापड होतं. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला तेव्हा त्याच्या कपड्यांच्या थरांचा अभ्यास करता आला. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने व्हेंटाइल बनवलं. ते शुद्ध सुती कापड, पण इतकं घट्ट विणलेलं की भिजल्यावर सुताचे तंतू फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते होतं.

दुसरीकडे ताणाचा प्रश्न सुटत होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या बोगनर कंपनीने लोकर आणि कुरळ्या नायलॉनच्या मिश्रणाच्या ताणल्या जाणाऱ्या स्की पँट आणल्या. १९५८ मध्ये ड्युपाँटच्या जोसेफ शिव्हर्सने स्पॅन्डेक्स बनवलं. १९६९ मध्ये रॉबर्ट गोरने टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला, ज्याला आपण गोरटेक्स म्हणून ओळखतो. पाणी अडवायचं आणि वाफ सोडायची, हे या पडद्याचं वचन. पण असा पडदा लावलेले कपडे ताठ, खसखसणारे, आणि जोरात चढणाऱ्याला आतून भिजवणारेच निघाले. या कपड्यांना ‘हार्डशेल’ म्हणू लागले, आणि १९९० च्या दशकात त्यांना पर्याय म्हणून जे मऊ, ताणलं जाणारं, वाफ भरपूर सोडणारं कापड पुढे आलं ते ‘सॉफ्टशेल’.

त्यावर पाणी थेंबाथेंबाने घरंगळतं ते बाहेरच्या रासायनिक लेपामुळे. हे तत्त्व आपल्याला नवं नाही, अळवावरचं पाणी आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. पानाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे आणि मेणाचा थर यांमुळे थेंब पसरत नाही. कमळाच्या पानांवरचं बार्थलॉट आणि नाइनहुइस यांचं १९९७ चं काम यासाठी प्रसिद्ध आहे. कापडावर हे साधण्यासाठी अनेक वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. ती निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांच्यातलं पीएफओए हे संयुग २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत टाकलं गेलं, आणि आता बिनफ्लोरिनचे लेप येत आहेत. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की लेप धुण्याने आणि घासण्याने जातो. तो गेला की सॉफ्टशेल पाणी पिते.

तीच चढण, वेगळं पाणी

आता मुरबाडला येऊ. कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव सोडलं की नाणेघाटाची वाट लागते. सहाशे मीटरहून अधिक चढण. झाडीतून जाताना वारा नसतो, अंग घामाने निथळतं. आणि घाटाच्या तोंडाशी पोचलात की कोकणातून वर घुसणारा वारा इतका जोराचा असतो की पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. बघा, आकृती तीच आहे: आधी घाम, मग वारा. दुकानदाराचं म्हणणं म्हणून पटकन पटतं.

पण एक आकडेमोड करून बघू. घामाची वाफ कापडातून बाहेर पडते ती बाष्पदाबातल्या फरकामुळे. ३५ अंश सेल्सिअसच्या ओल्या त्वचेपाशी बाष्पदाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. गुलमर्गसारख्या ठिकाणी हवा उणे ५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तर बाहेरचा बाष्पदाब ०.३ च्या आसपास. फरक ५.३. जुलैमध्ये घाटात हवा २६ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरा. बाहेरचा बाष्पदाब ३.२. फरक उरतो २.४. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्याहूनही कमी. त्यात कापड बाहेरून भिजलेलं असेल तर वाफेची वाट आणखी अडते. हे पाठ्यपुस्तकी गणित आहे. प्रत्यक्षात थर, हालचाल, वारा यांनी आकडे बदलतील. पण दिशा बदलणार नाही. जे कापड बर्फात ‘श्वास घेतं’ ते आपल्या पावसात गुदमरतं.

शिवाय पाण्याचं प्रमाण. या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उगाच नाही तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत. असा पाऊस सॉफ्टशेलच्या लेपाला काही मिनिटांत हरवतो. तेव्हा प्रश्न असा उरतो: जिथे घाम बाहेर जात नाही आणि पाऊस आत यायचा थांबत नाही, तिथे माणसांनी काय केलं?

कागदपत्रांत पाय शोधताना

इथे इतिहासाचा माणूस साधनांकडे वळतो, आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे, नागनिका राणीच्या नावाने प्रसिद्ध असलेला. यज्ञ केले, गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण दान दिले, अशी लांबलचक नोंद. त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वरची नावं वाचता येतात. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या काही ठिकाणी राहिल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटातून माल वाहून नेणाऱ्यांच्या पायात किंवा पायांवर काय होतं, याबद्दल हा लेख काहीच सांगत नाही. सांगायचं कारणही नव्हतं. शिलालेख दानाचा होता.

पुढे माहुलीकडे या. आसनगावहून दिसणारा हा किल्ला १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. नंतर तो शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात पुन्हा मोगलांकडे गेला, आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. तारखा भरपूर आहेत. कड्यावर चढणाऱ्या माणसाच्या अंगात काय होतं ते मात्र आपल्याला दुसरीकडे शोधावं लागतं.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाजी महाराजांच्या पायदळाच्या वेशाचं वर्णन त्यात आहे: अर्ध्या मांडीपर्यंत येणारी आखूड चड्डी, कमरेला घट्ट पट्टा, डोक्याला पागोटं, कधी सुती अंगरखा, आणि कमरेला गुंडाळलेलं एक कापड जे वेळ पडली तर शालीसारखं पांघरता येई. घोडेस्वारांची विजार वेगळी, डोंगर चढणाऱ्या पायदळाची आखूड. वाचताना एकदम पटतं, नाही? पण थांबा. डफ साताऱ्याला होता तो १८१८ नंतर. म्हणजे तो शिवकाळानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी लिहितोय, आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या काळातले शिपाई आहेत. वर्णन खोटं आहे असं नव्हे. पण ते सतराव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरताना हा काळ मोजून दाखवावाच लागेल. तुमच्या आराखड्यात असं वाक्य असेल तर मार्गदर्शक पहिला प्रश्न हाच विचारतील.

तिसरं साधन म्हणजे जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, १८८२ चं. त्यात इथल्या समाजांची जातवार वर्णनं आहेत, पोशाखासकट. उपयुक्त आहे, पण ते वाचताना एक गोष्ट विसरू नका. मुंबई इलाख्यातले अधिकारी जिल्ह्यात दौऱ्यावर निघत ते पावसाळा संपल्यावर. तंबू, घोडे, दफ्तर घेऊन फिरायचं तर वाटा सुकलेल्या हव्यात. पावसात ते मुक्कामाच्या ठिकाणी असत. म्हणजे सरकारी डोळ्याने खेडं पाहिलं ते बहुतेक कोरड्या ऋतूत. पावसात त्याच माणसांनी अंगावर काय घेतलं, हे त्या डोळ्यासमोर कमीच आलं असणार. साधनात काय लिहिलंय याच्याइतकंच, लिहिणारा कोणत्या महिन्यात तिथे होता हेही विचारा.

गरिबी की उपाय?

तरी एवढं नक्की दिसतं की इथले ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी अशा समाजांत कष्टकरी माणसाचे पाय गुडघ्याखाली, पुष्कळदा मांडीपर्यंत, उघडे असत. पुरुषांची लंगोटी किंवा वर खोचलेलं धोतर, बायकांचं गुडघ्याच्या वर कासोटा मारून नेसलेलं लुगडं.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतं, गरिबी होती, कापड परवडत नव्हतं. दुसरं म्हणतं, आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं. दोन्ही उत्तरं आरामाची आहेत, म्हणून दोन्हींची परीक्षा घ्यायला हवी.

परीक्षा कशी घ्याल? ऋतू बदलून बघा. आषाढातल्या चिखलात उघडे पाय हा समजून-उमजून केलेला उपाय असू शकतो. ओलं कापड पायाला चिकटतं, जड होतं, घासून कातडी सोलते. त्वचेवरचं पाणी मात्र दोन मिनिटांत निथळतं. हवा २६ अंशांची आहे, काम चालू आहे, थंडी वाजत नाही. इथे त्वचा हीच सर्वांत लवकर वाळणारी पँट. बांधावर उभा राहणारा बरा शेतकरीही चिखलात उतरताना धोतर वर खोचतोच. म्हणजे इथे पैशाचा संबंध कमी.

पण तेच पाय पौषाच्या पहाटे उघडे असतील, माणसं शेकोटीला पाठ लावून रात्र काढत असतील, तर ती गरिबीच. तिथे त्वचेचं कौतुक करणं म्हणजे जखमेवर मीठ. एकाच पोशाखाचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो, आणि ‘आदिवासींचा पारंपरिक पोशाख’ अशा एका ओळीत तो बसत नाही. संशोधनात तुलना कशाशी करायची हे ठरवणं महत्त्वाचं म्हणतात ते यासाठी.

इरल्याची रचना

पाय उघडे ठेवून भागलं, पाठीचं काय? आवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेली असते. राबात वाढवलेलं रोप मुठी बांधून खाचरात आणायचं, आणि मागे मागे सरकत चिखलात रोवत जायचं. या अवस्थेत पाऊस पडतो तो थेट पाठीवर. छत्री धरायला हात मोकळा नाही. अंगाला चिकटणारं पांघरूण भिजलं की जड होऊन पुढे घसरतं.

इरलं या नेमक्या कामासाठी आहे. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, आणि दोन्हींच्या मध्ये पळस-सागासारखी मोठी पानं कौलांसारखी एकावर एक दाबून बसवलेली. आकार अर्ध्या उपड्या होडीसारखा. वरचं टोक डोक्यावर टेकतं, बाकी भाग पाठीवरून कमरेच्या खालपर्यंत जातो. वाकलं की छप्पर तयार. दोन्ही हात मोकळे.

आता वैज्ञानिकाच्या नजरेने बघा. मॅकिंटॉशपासून गोरपर्यंत सगळे एकाच कोड्याशी झगडले: पाणी अडवणाऱ्या थरातूनच वाफ कशी जाऊ द्यायची? इरल्याने ते कोडं सोडवायचा प्रयत्नच केला नाही. पानातून वाफ जायची गरजच नाही, कारण इरलं अंगाला लागतच नाही. पाठ आणि पानं यांच्यात हात जाईल एवढी पोकळी, आणि पुढची-बाजूची तोंडं उघडी. घामाची वाफ कापडातून झिरपत नाही, वाऱ्याबरोबर सरळ निघून जाते. आर्द्रता ९५ टक्के असताना झिरपण्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा हवा खेळती ठेवणं कधीही जास्त उपयोगाचं.

त्याच्या मर्यादाही तेवढ्याच खऱ्या. इरलं घालून झाडीतली वाट चढता येत नाही; करवंदीच्या जाळीत ते अडकणार. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ते पतंगासारखं उडेल. वाकून, एका जागी, सपाट खाचरात काम करणाऱ्या शरीरासाठी ते आहे. बर्फ चढणाऱ्या माणसासाठी जशी सॉफ्टशेल, तसंच आवणी करणाऱ्या बाईसाठी इरलं. दोन्ही वस्तू आपापल्या कामात चोख, आणि दुसरीच्या कामात निरुपयोगी.

एक फरक मात्र आहे. मॅकिंटॉश, बर्बेरी, शिव्हर्स, गोर ही नावं मी वर सहज लिहून गेलो, कारण पेटंटची कागदपत्रं आहेत. इरल्याचं पेटंट नाही, रचनाकाराचं नाव नाही. आणि वस्तूही टिकत नाही. पानं सुकतात, मोडतात, चुलीत जातात. दगडावरचं दान दोन हजार वर्षं राहतं, पानांचं इरलं दोन-चार पावसाळेसुद्धा राहत नाही. इतिहासात कुणाची बुद्धी दिसते हे बऱ्याच अंशी कोणती वस्तू कुजत नाही यावर ठरतं.

घोंगडी, रबर आणि प्लास्टिक

गुराख्याचं शरीर वेगळं काम करतं. तो तासन्‌तास उभा असतो, हळू चालतो. घाम कमी, गारठा जास्त. त्याच्यासाठी घोंगडी. ती येते दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीतून, धनगरांकडून सणगरांच्या मागावर, चिंचोक्याची खळ लावून. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत, पौष पौर्णिमेला, बैलबाजाराबरोबर घोंगड्याही विकायला येतात.

घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की रिमझिम पाऊस वरच्या केसांवरच थबकतो. शिवाय लोकरीचा एक गुण बाकी तंतूंत नाही. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी वाफेच्या रूपात धरते, सूत ८ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. वाफ शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते. म्हणून दमट लोकर अंगाला गार लागत नाही. मात्र मुसळधार पावसात पूर्ण भिजलेली घोंगडी उचलून बघा, मग कळेल की ती घेऊन घाट का चढत नाहीत.

विसाव्या शतकात रबर आलं. १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी सुरू केलेल्या बेंगॉल वॉटरप्रूफचे डकबॅक रेनकोट शाळेच्या पिढ्यान्‌पिढ्यांना आठवत असतील, तो रबराचा वास आणि आतून ओला झालेला गणवेश यांसकट. मग प्लास्टिकचा कागद आला. स्वस्त, हलका, दुकानात मिळणारा. आज शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आवणीच्या वेळी इरल्यापेक्षा हा कागदच जास्त दिसतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. इरलं विणायला बांबू, पानं, वेळ आणि कसब लागतं. प्लास्टिकला थोडे पैसे. पण डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधलेला तो कागद पाठीला चिकटतो आणि आत घाम साठतो. म्हणजे आवणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर १८२३ चा मॅकिंटॉशचा प्रश्न आता पोचला आहे.

मग पँट कोणती?

इतकं वाचल्यावर उत्तर द्यायलाच हवं. जुलै-ऑगस्टमध्ये माहुली, आजोबा, गोरखगड किंवा नाणेघाट करणार असाल तर सॉफ्टशेलवर पैसे घालू नका. तुम्ही भिजणारच आहात. प्रश्न एवढाच की भिजल्यावर कापड किती पाणी धरून ठेवतं आणि किती लवकर सोडतं. पातळ, बिनअस्तराची, सैलसर नायलॉन किंवा पॉलिएस्टरची पँट घ्या. थोडं ताणलं जाणारं कापड असेल तर मोठी पायरी चढताना गुडघ्याला अडत नाही. काटे आणि दगड नसते तर हाफ पँट सर्वांत बरी, डफने लिहिलेल्या चड्डीसारखीच.

जीन्स मात्र नको. एक लिटर पाणी वाळायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. भिजलेलं जाड सुती कापड पायाला चिकटलेलं असताना तुम्ही घाटाच्या तोंडाशी वाऱ्यात बसलात, तर त्या उष्णतेचा मोठा वाटा तुमच्या शरीरातूनच जातो. चढून दमलेला, पोटात काही नसलेला माणूस २० अंशांतही कुडकुडायला लागतो तो यामुळे. बसायचं असेल तेव्हा घालायला एक कोरडा थर पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघून माथ्यावर वाऱ्यात थांबणार असाल तर पातळ सॉफ्टशेल चालेल, पण लागेलच असं नाही. हिमालयात बर्फाच्या कोर्सला किंवा स्कीला जाणार असाल तर मात्र ती घ्या. तेव्हा दुकानात विचारा: अस्तर आहे का? चढताना नसलेलंच बरं. मांडीला हवा जायला चेन आहे का? गुडघा पूर्ण वाकवून, पाय बाकावर ठेवून बघितलात का? लेप पुन्हा लावता येतो का? ‘वॉटरप्रूफ आहे का’ हा प्रश्न यादीत सर्वांत शेवटी.

आता तुमच्याकडचं काम

यातून आराखडा कसा निघेल ते बघा. विज्ञान शाखेचे असाल तर घरच्या घरी सुरुवात करता येते. सारख्या मापाचे चार तुकडे घ्या: जीन्स, सुती धोतर, घोंगडी, नायलॉन. कोरडे असताना वजन करा, भिजवा, पाच मिनिटं टांगून ठेवा, पुन्हा वजन करा, आणि मग दर अर्ध्या तासाने नोंद घ्या. हेच जुलैत करा आणि जानेवारीत करा. दोन्ही वेळा खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहा. दोन आलेख शेजारी ठेवले की वरचं गणित तुम्हाला स्वतःच्या आकड्यांत दिसेल. इरल्याखाली आणि प्लास्टिकच्या कागदाखाली पाठीजवळची आर्द्रता मोजणं ही त्याच्या पुढची पायरी, आणि तो खराखुरा संशोधनविषय आहे. कारण त्यातून आज खाचरात उभ्या असलेल्या बाईसाठी हलकं, घडी होणारं, पाठीला न चिकटणारं काही बनू शकतं.

मानव्यविद्येचे असाल तर घाई करा. इरलं विणता येणारी माणसं आता वयस्कर आहेत. कोणती पानं कोणत्या महिन्यात तोडायची, कामटी किती जाड काढायची, पुरुषाचं आणि बाईचं इरलं वेगळं असे का, एक विणायला किती दिवस लागत, बदल्यात भात मिळे की पैसे, हे ग्रंथालयात शोधायला गेलात तर फार थोडं हाती लागेल. ते डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसईकडच्या पाड्यांवर, कुणाच्या तरी आजीला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला त्या पाड्यावर पोचायला ओळख काढावी लागेल. तुमच्यापैकी ज्यांचं घरच तिथे आहे त्यांना लागणार नाही. विचारताना परवानगी घ्या, सांगणाऱ्याचं नाव द्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

आणि शक्यतो आवणीच्या दिवसांत जा. गॅझेटियरवाले तेव्हा आले नव्हते.